दुसऱ्या दिवशी काय होतं? एमई/सीएफएसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नातेवाइकांनी, शेजारणींनी आणि नुकतंच निदान झालेल्यांनी मला विचारलेले आहेत. मी डॉक्टर नाही. एमई/सीएफएस, म्हणजे मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, या आजारासोबत राहते आणि त्यावरचं संशोधन झेपेल तसं वाचते. औषध सुरू किंवा बंद करायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

थकवा तर सगळ्यांनाच येतो. मग हा आजार वेगळा कसा?

सगळ्यांना येतो, आणि नीट झोप झाली, एखादा रविवार मिळाला की जातो. इथे तो विश्रांतीने जात नाही. पण खरी खूण त्याच्याही पलीकडची आहे. श्रम झाले की तब्येत ढासळते, आणि तीही बऱ्याचदा लगेच नाही, तर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी. संशोधक याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ किंवा पीईएम म्हणतात, आम्ही रुग्ण मंडळी 'क्रॅश' म्हणतो.

समजा, तुम्ही बारशाला गेलात, दोन तास खुर्चीत बसून गप्पा मारल्यात, फोटोत छान आलात. रात्रीही बरं होतं. परवा सकाळी मात्र घसा दुखतोय, अंगात कणकण आहे, खिडकीतला उजेड डोळ्यांत घुसतोय, पाण्याचा ग्लास उचलताना हात थरथरतोय. समोरचा माणूस वाक्य संपवतो तोवर त्याने सुरुवातीला काय म्हटलं ते डोक्यातून गेलेलं असतं. बारशाला आलेल्यांनी हे पाहिलेलं नसतं, म्हणून त्यांच्या लेखी तुम्ही ठणठणीत.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली नऊ हजारांहून जास्त शोधनिबंध तपासून निकष सोपे केले. पूर्वीसारखं काम करण्याची क्षमता सहा महिन्यांहून जास्त काळ बरीच घटलेली हवी, पीईएम हवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं हवं. शिवाय विचार करण्यात-आठवण्यात अडथळा किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, यांपैकी निदान एक. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०२१ ची मार्गदर्शिका तर मोठ्या माणसांत सहा आठवड्यांनीच संशय घ्यायला आणि तीन महिन्यांनी निदान करायला सांगते. हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. एकच प्रश्न विचारा: दमल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं?

म्हणजे नैराश्यच ना?

नाही. नैराश्यात काही करावंसंच वाटत नाही. इथे करावंसं खूप वाटतं, उठून केलंही जातं, आणि मग माणूस अंथरूण धरतो. नैराश्याच्या रुग्णाला चालण्याफिरण्याने बहुधा बरं वाटतं, आमचं उलट होतं. हा आजार असलेल्याला नैराश्यही येऊ शकतं, ते आलं तर त्याचे उपचार जरूर घ्यावेत. पण म्हणून दोन्ही एकच ठरत नाहीत.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग आजार आहे कुठे?

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्या तपासणीत जे शोधलं ते सापडलं नाही, एवढंच. तपासण्या मात्र टाळू नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, साखर, यकृत-मूत्रपिंड, गरज वाटल्यास क्षयरोग, आणि घोरणाऱ्यांच्या बाबतीत झोपेत श्वास अडतो का, हे पाहिलंच पाहिजे. यातलं काही निघालं तर उत्तम, त्याला इलाज आहे.

थकलेली बाई दिसली की आपल्याकडे पहिला तर्क 'रक्त कमी असेल' हाच असतो. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या बायकांची पाहणी केली होती, ती २००५ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. १२.१ टक्के बायकांना सहा महिने किंवा जास्त काळ थकवा होता, पण त्याचा हिमोग्लोबिनच्या पातळीशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो कर्ज, उपासमार, नवऱ्याकडून होणारी हिंसा, आधार नसणं आणि मनःस्वास्थ्य यांच्याशी. आता लगेच 'गोव्यात बारा टक्के बायकांना सीएफएस' असं कुणी म्हणू नये. ती पाहणी दीर्घकाळच्या थकव्याची होती, या आजाराची नव्हे. पण 'लोहाच्या गोळ्या घे आणि कामाला लाग' हा सल्ला किती तोकडा आहे ते तिच्यातून कळतं.

आजार दिसतो तो वेगळ्या जागी शोधल्यावर. सायकल चालवायला लावून श्वासातला ऑक्सिजन मोजण्याची एक चाचणी असते, ती लागोपाठ दोन दिवस करतात. निरोगी पण बैठ्या माणसाचे दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे येतात. आमच्यातल्या अनेकांचे दुसऱ्या दिवशी घसरतात. पहिल्याच दिवशी थांबलं तर फक्त 'व्यायामाची सवय नाही' इतकंच दिसेल. ही चाचणीच रुग्णाला क्रॅशमध्ये ढकलू शकते, त्यामुळे ती हौसेने करून घेण्यासारखी नाही.

घराजवळच्या डॉक्टरांकडे होण्यासारखी सोपी तपासणी म्हणजे आडवं असताना आणि मग दहा मिनिटं उभं राहून नाडी व रक्तदाब मोजणं. मोठ्या माणसाची नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, रक्तदाब पडला नाही आणि त्रासही होत असेल, तर पॉट्स नावाचा त्रास असू शकतो. तो आमच्यात बऱ्याच जणांना असतो आणि त्यावर उपचार आहेत. सोबत कुणाला तरी घेऊन जा, उभ्या उभ्या चक्कर येऊ शकते.

होतो कशामुळे?

बहुतेकांची गोष्ट 'एकदा ताप आला आणि त्यानंतर मी उठलेच नाही' अशी सुरू होते. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावाच्या परिसरात २५३ रुग्णांचा तापापासूनच मागोवा घेतला गेला. त्यांना एपस्टाइन-बार विषाणू, क्यू-फीव्हर किंवा रॉस रिव्हर विषाणू यांपैकी एक संसर्ग झाला होता. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्क्यांना सीएफएस होता, आणि संसर्ग कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. तो कुणाला होईल हे आधीच्या मानसिक स्थितीवरून सांगता आलं नाही. पहिला आजार किती जोरदार होता यावरून मात्र अंदाज बांधता आला. रॉस रिव्हर हा डासांमार्फत पसरणारा, आपल्या चिकुनगुनियाच्याच कुळातला विषाणू. हे वाचल्यापासून 'चिकुनगुनियानंतरचा अशक्तपणा राहतोच' हे वाक्य मी पूर्वीसारखं सहज सोडून देत नाही.

कोविडने ही यादी वाढवली. अमेरिकेतल्या रिकव्हर या कोविडनंतरच्या त्रासांचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पात संसर्ग झालेल्यांपैकी ४.५ टक्के लोक एमई/सीएफएसच्या निकषांत बसले, संसर्ग न झालेल्यांत ०.६ टक्के.

संसर्गानंतर एक जण बरा होतो आणि दुसरा होत नाही, यात जनुकांचाही वाटा आहे. एडिनबर्ग विद्यापीठाच्या डिकोडएमई प्रकल्पाने १५,५७९ रुग्णांच्या डीएनएची तुलना केली आणि जनुकसंचात आठ ठिकाणी फरक दिसल्याचं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यांतल्या काही जागा रोगप्रतिकारशक्तीशी, काही मज्जासंस्थेशी जोडलेल्या आहेत. नमुना म्हणजे थुंकी. रुग्णांनी ती घरबसल्या छोट्या बाटलीत भरून टपालाने पाठवली. अंथरुणाला खिळलेल्यांनाही यात भाग घेता आला, हे मला निकालाइतकंच मोलाचं वाटतं. हे विश्लेषण युरोपीय वंशाच्या लोकांपुरतं आहे, आपल्याकडे तेच दिसेल का हे वेगळं तपासावं लागेल.

बायकांनाच जास्त का?

डिकोडएमईच्या प्रश्नावल्या भरलेल्यांत ८३.५ टक्के स्त्रिया होत्या. रोगप्रतिकारशक्तीच्या इतर बऱ्याच आजारांतही पारडं असंच झुकलेलं असतं.

इतका जुना आजार, मग डॉक्टरांना माहीत कसा नाही?

माहीत नसण्याचाही एक इतिहास आहे. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये साथ आली. २९२ कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे एमई, हे नाव त्यानंतरचं. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मज्जासंस्थेच्या आजारांत घातलं. आणि पुढच्याच वर्षी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून लिहिलं की तो सामूहिक हिस्टेरिया होता. त्यांचा एक मुद्दा असा की आजारी पडलेल्यांत बायका फार होत्या. परिचारिकांनी भरलेल्या रुग्णालयात आणखी कोण आजारी पडणार होतं?

१९८४-८५ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यात लेक टाहोजवळ अशीच साथ आली, आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव आलं. हिस्टेरियाची सावली मात्र कित्येक वर्षं हटली नाही. संशोधनाला पैसा कमी, म्हणून पुरावा कमी, आणि पुरावा कमी म्हणून अभ्यासक्रमात जागा कमी.

डॉक्टर म्हणाले, रोज थोडं थोडं चालणं वाढवा. वाढवू?

पीईएम होत असेल तर नको. हा सल्ला आला कुठून ते सांगते, कारण तो देणारे डॉक्टर वाईट नसतात, जुनं वाचलेले असतात.

२०११ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या पेस नावाच्या चाचणीचा निकाल आला. ६४१ रुग्ण होते. ठरवून वाढवत नेलेला व्यायाम आणि सीबीटी हे समुपदेशन यांनी रुग्ण सुधारतात, असा निष्कर्ष होता. २०१३ मध्ये तर या दोन्ही गटांतले २२ टक्के 'बरे झाले' असं सांगितलं गेलं. रुग्णांनी चिकाटीने आकडे तपासले. शारीरिक क्षमतेची एक १०० गुणांची प्रश्नावली आहे. तिच्यात ६५ किंवा कमी गुण असतील तर माणूस चाचणीत येण्याइतका आजारी, आणि ६० असले की त्या मोजमापापुरता बरा! म्हणजे ६५ वर आत आलेला ६० वर घसरला तरी ती अट पार. मूळ आराखड्यात हा आकडा ८५ होता, तो मध्येच खाली आणला गेला. शिवाय रुग्ण निवडताना सहा महिन्यांचा थकवा पुरेसा होता, पीईएम असण्याची अट नव्हती.

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहितीच्या अधिकारात मूळ आकडेवारी मागितली. चाचणी करणाऱ्या ब्रिटनमधल्या विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं आणि २०१६ मध्ये ती द्यावी लागली. मूळ निकषांनी पुन्हा मोजल्यावर बरं होण्याच्या प्रमाणात गटागटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. २९ ऑक्टोबर २०२१ ला नाइसने नवी मार्गदर्शिका काढली आणि असा ठरवून वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नका असं स्पष्ट लिहिलं. सीबीटी ठेवली ती हवी असल्यास आधार म्हणून, इलाज म्हणून नाही.

मग करायचं काय? 'पेसिंग' म्हणजे रोज नेमकं काय?

अंथरूण पाहून पाय पसरायचे, आणि अंथरूण रोज नव्याने मोजायचं. बोलायला सोपं आहे. अवघड जातं ते 'अजून जमेल' असं वाटत असतानाच थांबणं. उसनं अवसान आणून आपण सगळं उरकतो, तेव्हा शरीर तक्रारही करत नाही. तक्रार परवा येते.

माझ्या घरातलं सांगते. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आहे, आंघोळ बसून, पाणी फार कढत नाही. केस धुण्याच्या दिवशी दुसरं काही काम नाही. पोळ्या पोळीवाल्या ताईंकडून. भाजी पलंगावर पाय वर घेऊन निवडायची, आणि मेथीची जुडी एका बैठकीत संपवायचीच असा हट्ट धरायचा नाही. फोनवर गजर लावून बोलते, तो वाजला की 'ठेवते गं' म्हणून खरंच ठेवते. बहिणीला सुरुवातीला राग यायचा. आता तीच म्हणते, 'वाजला तुझा, ठेव.'

डोक्याचं काम, भांडण, टीव्हीचा आवाज, परीक्षा हेही श्रमच. नवीन लोकांना हेच सर्वांत उशिरा कळतं. दिवसभर आडवं पडून मोबाइल पाहणं ही विश्रांती नव्हे. डोळे मिटून, अंधारात, काही न ऐकता पडणं म्हणजे विश्रांती.

मनगटावर नाडी दाखवणारं घड्याळ असेल तर मदत होते. या क्षेत्रातले काही तज्ज्ञ विश्रांतीच्या नाडीवर सुमारे १५ ठोके एवढी मर्यादा सुचवतात. माझी नाडी जिना चढताना कधीच त्यापलीकडे जाते, म्हणून मी मधल्या पायरीवर बसते. लोक बघतात. बघू देत.

योगासनं, प्राणायाम, आयुर्वेद?

सूर्यनमस्कार हा दणदणीत व्यायाम आहे, तो 'योग' आहे म्हणून सौम्य ठरत नाही. जपानमध्ये २०१४ साली ३० रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात बसून, हळू, श्वासाच्या लयीत करायच्या योगाने थकवा कमी झाला. आशा वाटावी असा आहे, पण ३० जणांचा. आडवं पडून संथ श्वास घेणं बहुतेकांना मानवतं. कसोटी इथेही तीच, परवा कसं वाटतंय ती.

अश्वगंधा 'नैसर्गिक' म्हणून बिनधास्त घेऊ नका. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत आणि थायरॉईडची औषधं चालू असतील तर विशेष जपावं. लेबल नसलेल्या पुड्या तर नकोच.

याच्यावर औषध आहे का?

मुळावर घाव घालणारं नाही. झोप, वेदना, पॉट्स, पोटाच्या तक्रारी यांवर औषधं आहेत, ती दिली तर दिवस बराच सुसह्य होतो. अनेकांना नेहमीच्या मात्राही सोसत नाहीत, तेव्हा अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करायची विनंती डॉक्टरांना करा. शिबिरात महागडे पॅकेज विकणारे भेटतील. पैसे वाचवा, पोळीवाल्या ताईंना द्यायला उपयोगी पडतात.

'सीएफएसचं कारण सापडलं!' अशी बातमी आली की विश्वास ठेवायचा का?

मी चार गोष्टी बघते.

पहिली, रुग्ण निवडले कसे. पीईएम असणं सक्तीचं होतं का? नसेल तर पुढचं मी वरवर वाचते, कारण नैराश्य, रक्तक्षय, झोपेचे विकार असं सगळं त्या डब्यात भरलेलं असू शकतं.

दुसरी, किती जण होते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेने केलेला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास फार सखोल होता, पण त्यात रुग्ण १७. बेत ४० चा होता, कोविडमुळे थांबावं लागलं. त्यातून नवे प्रश्न मिळतात, पक्की उत्तरं नाहीत.

तिसरी, दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच दिसलं का. २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू रुग्णांच्या रक्तात सापडल्याचं छापून आलं. जगभर आशा पसरली, काहींनी विषाणूविरोधी औषधंही सुरू केली. इतरांना तो सापडेना, शेवटी तो प्रयोगशाळेतच नमुन्यांत मिसळल्याचा घोळ असल्याचं निष्पन्न झालं आणि २०११ च्या अखेरीस निबंध मागे घेतला गेला. नॉर्वेत तपासलेल्या रिटुक्सिमॅब या औषधाचं उदाहरण याहून शिकण्यासारखं आहे, कारण तिथे असा कुठलाही घोळ नव्हता. ३० रुग्णांच्या छोट्या चाचणीत औषध चालल्यासारखं दिसलं. त्याच डॉक्टरांनी १५१ रुग्णांवर मोठी चाचणी केली, फायदा दिसला नाही, आणि २०१९ मध्ये त्यांनी तो निकाल जसाच्या तसा छापला. विज्ञान असंच चालावं, आमच्या पदरी निराशा आली तरी.

चौथी गोष्ट, मोजमाप केव्हा घेतलं. आराम केलेल्या दिवशी मोजलं तर आमच्यात फारसं काही सापडत नाही. ॲमस्टरडॅममध्ये लाँग कोविडच्या, पीईएम असलेल्या २५ रुग्णांना सायकल चालवायला लावून त्याआधी आणि त्यानंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला. श्रमानंतर स्नायूंना झालेली इजा आणि पेशींची ऊर्जा बनवण्याची घटलेली क्षमता त्यात दिसली. हा २०२४ चा अभ्यास मला म्हणूनच आवडतो. आणि त्या २५ जणांना, जे स्वतःहून क्रॅशमध्ये शिरले, माझा नमस्कार.

बरं होतो का?

मोठ्या माणसांत पूर्ण बरे होणारे थोडे. जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा पाच टक्क्यांच्या आसपास आकडा देतो. सुधारणा होणारे त्याहून बरेच जास्त, सुमारे ४० टक्के. मुलांचं चित्र खूप चांगलं आहे. मेलबर्नमधल्या पाहणीत पाच वर्षांत ३८ टक्के आणि दहा वर्षांत ६८ टक्के मुलांनी आपण बरे झाल्याचं सांगितलं. त्यामुळे मुलाचं दहावीचं वर्ष वाया जाईल म्हणून त्याला दामटू नका.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या आजाराचं नाव नाही. 'जुनाट मज्जासंस्थेचे विकार' हा प्रकार आहे, त्याखाली अर्ज करून बघता येतो, पण भरवसा देता येत नाही. कार्यालयात घरून काम, बसून काम, दुपारी आडवं व्हायला जागा, एवढं लेखी मागा. डॉक्टरांच्या पत्रात नुसतं 'अशक्तपणा' नको, श्रमानंतर काय होतं ते लिहून घ्या.

लग्न ठरतंय. स्थळाकडच्यांना सांगावं का?

सांगा. 'लग्न झालं की होईल सगळं ठीक' म्हणणाऱ्या आत्याबाई नंतर पोळ्या लाटायला येत नाहीत.

गौरी-गणपतीत घरच्यांनी काय करावं?

'तू नुसती बस, काही करू नकोस' हे वाक्य प्रेमाचं असतं, पण सत्तर पाहुणे, झांजा आणि अगरबत्तीचा धूर यांच्या मधोमध बसणं हेसुद्धा काम आहे. तिला एक खोली द्या, दार लावता येईल अशी. आरतीला यायचं की नाही ते तिने त्या क्षणी ठरवू दे, आणि आली नाही तर हाक मारू नका. नैवेद्याचं ताट खोलीत पोचवा. 'आज तर छान दिसतेस' ऐवजी 'काल दमलीस का?' विचारा.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना काय न्यावं?

जाड फाइल नेऊ नका, वाचायला वेळ नसतो. एका कागदावर दोन आठवड्यांची नोंद न्या. डाव्या बाजूला काय केलं (आंघोळ, बँक, पाहुणे), उजव्या बाजूला त्या दिवशी आणि नंतरच्या दोन दिवसांत काय झालं. खाली आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही, हे दोन ओळींत. सोबत नाइसच्या मार्गदर्शिकेचा क्रमांक लिहा: एनजी२०६. तो टाकला की डॉक्टरांना ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. भेटीच्या आदल्या दिवशी आराम करा, आणि पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा.